तुमची त्वचा, तुमचे प्रश्न: हे डाग किती वर्षं राहणार?

या खेपेला आलेल्या पत्रांत (पत्रं म्हणजे बहुतेक व्हॉट्सॅपच, पण सवयीने पत्रंच म्हणते) मुरुमं आणि केस गळणं नेहमीसारखं भरपूर आहे, ते पुढच्या अंकात घेऊ. आज डागांची पत्रं घेतलीत. त्यातली तीन अशी आहेत की आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलंय, ते दुर्मिळ आहे, धोका नाही असंही सांगितलंय, आणि तरी माणसाला झोप नाही, कारण पुढे काय होणार हे कोणी नीट बसून सांगितलेलं नाही. ओपीडीत तेवढा वेळ नसतो हेही खरंच आहे, बाहेर चाळीस जण बसलेले असतात. म्हणून इथे जरा लांबण लावते.

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या थोडं आधी त्याच्या पोटावर आणि छातीवर तपकिरी डाग दिसायला लागले, आधी चार-पाच, मग बघता बघता मानेवर, पाठीवर, दंडावर पण. खाज नाही, दुखत नाही, ताप नाही. चवथीला सगळे गावच्या घरी जमलेले, हा उघड्या अंगाने आरतीला उभा राहिला तर सगळ्यांचं लक्ष देवापेक्षा त्याच्याकडेच, "कितें जालां गो ह्या भुरग्याक?" करून. एका डॉक्टरांनी शिबं म्हणून मलम दिलं, दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हणून दुसरं, शेवटी बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे बायोप्सी केली आणि रिपोर्टवर 'इडिओपॅथिक इरप्टिव्ह मॅक्युलर पिगमेंटेशन' असं आलं. औषध नको, आपोआप जाईल म्हणाले. पण कधी? वर्ष झालं, आहेत तसेच आहेत, उलट पाठीवर नवीन आलेत. नेटवर वाचलं तर डोकंच फिरलं. सासूबाई म्हणतात बिब्बा लावू. शाळेत सर म्हणाले स्विमिंगला पाठवू नका. हे आयुष्यभर राहणार का? पुढे जाऊन कॅन्सर वगैरे? खरं काय ते सांगा प्लीज.
(एक आई, डिचोली)

उत्तर: आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. कॅन्सर होत नाही. या डागांचं (रिपोर्टवरच्या लांबलचक नावाचा अर्थ कारण न कळता उमटणारे सपाट डाग, एवढाच) पुढे जाऊन वाईट काही बनत नाही, ते आतल्या कुठल्या अवयवाला शिवत नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, आणि मुलाच्या वाढीशी, अभ्यासाशी, पुढे लग्न-मुलं या कशाशीही त्यांचा संबंध नाही. आणि आयुष्यभर राहतात का, तर नाही, सहसा जातात, काही खूण न ठेवता जातात.

आता 'कधी'. इथे मी तुम्हाला तारीख देऊ शकत नाही आणि कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. या आजारात डाग काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत राहतात, आणि मधल्या काळात नवीन येत राहणं हेसुद्धा त्याच्या स्वभावातलंच आहे. म्हणजे पाठीवर नवीन दोन-तीन आले याचा अर्थ आजार बिघडला असा घेऊ नका. पुष्कळदा असं होतं की छातीवरचे जुने फिके व्हायला लागलेले असतात आणि आपलं लक्ष नवीन आलेल्यावर असतं, त्यामुळे आईला वाटतं वाढतंय. यावर साधा उपाय म्हणजे फोटो. दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पुढून आणि मागून एकेक फोटो काढा आणि मध्ये बघू नका. रोज आंघोळ घालताना निरखून बघितलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, आणि मुलाच्याही डोक्यात बसतं की आपल्या अंगावर काहीतरी भयंकर आहे. क्वचित पूर्ण जाऊन परत आल्याच्याही केसेस आहेत, तसं झालं तरी ते दुसऱ्यांदाही त्याच पद्धतीने निवळतं.

एवढा वेळ का लागतो ते कळलं की वाट बघणं थोडं सोपं होतं. आपल्या कातडीचा रंग म्हणजे मेलॅनिन, ते वरच्या थराच्या तळाशी तयार होतं. हा वरचा थर महिना-दीड महिन्यात नवा होतो, जुन्या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर रंगही जातो. पण या आजारात तळाशी रंग जास्त तयार होतो आणि त्यातला काही खालच्या थरात गळतो, तिथे सफाई करणाऱ्या पेशी तो गिळून बसतात आणि त्यांना काही घाई नसते. अंगणातला पाचोळा रोज झाडून निघतो, विहिरीत पडलेला कुजून जायची वाट बघावी लागते, तसं आहे. वरून लावलेलं मलम त्या खालच्या रंगापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून 'औषध नको' म्हणाले. तुम्हाला ते टाळल्यासारखं वाटलं असेल, पण माझ्या मते तो तुम्हाला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला होता.

हा आजार नवीन नाही, फक्त कमी दिसतो म्हणून नाव ऐकलेलं नसतं. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या देगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा लिहिला, आणि १९९६ मध्ये फ्रान्समधल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी तो ओळखायचे नियम मांडले. ते नियम तुमच्या पत्राशी लावून बघा: मूल किंवा किशोरवयीन, धड, मान, दंड-मांड्यांवर सुटे सुटे तपकिरी डाग, एकमेकांत न मिसळणारे, त्याआधी तिथे लाली-पुरळ-फोड काही नाही, कुठलं औषध सुरू झालेलं नाही, आणि बायोप्सीत तळाच्या थरात रंग जास्त पण त्या थराची मोडतोड नाही, शिवाय मास्ट सेल नावाच्या पेशी नेहमीइतक्याच. बघा, बायोप्सीशिवाय हे पक्कं होत नाही, त्यामुळे 'उगाच पोराला टोचलं' असं कोणी घरात म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. भारतातसुद्धा अशा बऱ्याच केसेस लिहिल्या गेल्यात, आणि त्यातल्या काही मुलांत डाग थोडे मखमली, खरखरीत लागतात, तेही चालतं, त्याचाही पुढचा प्रवास तसाच.

नेटवर तुमचं डोकं फिरलं ते यामुळे की बाहेरून सारखे दिसणारे चार-पाच आजार आहेत आणि प्रत्येकाचं पुढचं भविष्य वेगळं आहे. राखाडी झाक असलेले डाग, ज्याला ॲशी डर्मॅटोसिस म्हणतात (१९५७ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टर रामिरेझनी लिहिलेला, त्यांनी पेशंटना 'राखेचे' असंच म्हटलं होतं), तो मुलांत बहुतेक वेळा जातो पण मोठ्यांत वर्षानुवर्षं ठाण मांडतो. लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस, जो आपल्या दिल्लीच्या भुतानी आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला, तो चेहरा-मानेवर येतो, मोठ्यांत येतो आणि खूप चिवट असतो. मास्ट सेलच्या आजारात डाग चोळला की तो फुगतो, लाल होतो, खाजतो, ही परीक्षा तुमच्या डॉक्टरांनी केली असणार, बोटाने घासून बघितलं होतं का आठवा. जन्मापासूनचे कॉफी रंगाचे डाग असतात, वयात यायच्या आधी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त असले तर वेगळ्या तपासण्या लागतात, पण ते असे अकराव्या वर्षी अचानक उगवत नाहीत. आणि कुष्ठरोगाची भीती जी कोणी तोंडाने बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असते, तिच्याबद्दल: त्याचे चट्टे साधारण फिकट किंवा लालसर असतात आणि तिथे स्पर्श कमी कळतो. तपकिरी, चांगला स्पर्श कळणारे डाग ते नव्हेत, आणि आता तो पूर्ण बरा होणारा आजार आहे हेही जाता जाता सांगते.

म्हणजे भविष्य नावात असतं. नाव एकदा नीट ठरलं, बायोप्सीने पक्कं झालं, की पुढचं जवळजवळ ठरलेलंच असतं. मग रोज नवीन डॉक्टर, नवीन मलम याची गरज राहत नाही.

आता बिब्बा. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, रागावून नको, पण स्पष्ट सांगा, की बिब्ब्याने कातडी भाजते. फोड येतात, चिघळतात, आणि त्याचा जो काळा डाग पडतो तो मूळ डागापेक्षा जास्त गडद आणि जास्त हट्टी असतो. लिंबू चोळून उन्हात पाठवलं तरी तेच. आणि घरात त्या पहिल्या-दुसऱ्या मलमांच्या ट्यूबा उरल्या असतील तर मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे तरी फार्मसीत मिळतात हे तुम्हाला मला दोघींना माहितीये. त्याने सुरुवातीला डाग फिके वाटतात, पण महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, वळ पडतात, केस येतात. गोरेपणाची क्रीमं तर मुळीच नकोत. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम भागात लोकांच्या किडन्यांवर परिणाम झालेला सापडला तो पारा असलेल्या अशाच क्रीमांनी. एका निरुपद्रवी डागासाठी किडनी पणाला लावायची, हे गणित मला कधी कळलेलं नाही.

स्विमिंगला खुशाल पाठवा. सरांशी वाद घालू नका, तुमच्या डॉक्टरांकडून 'संसर्गजन्य नाही, पोहायला हरकत नाही' अशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि शाळेत द्या, सरांना पण कागद हवा असतो, बाकी पालकांना दाखवायला. उन्हाने हा आजार होत नाही पण उन्हात रंग जरा गडद होतो म्हणून भर दुपारी पोहायचं असेल तर आधी सनस्क्रीन नाहीतर सरळ तो पूर्ण बाह्यांचा स्विमसूट मिळतो तो घाला, डाग झाकायला म्हणून नको, मुलाला तसं सांगूही नका.

वर्षातून एकदा दाखवून या, पुरे. मध्येच दाखवायचं कधी, तर डाग घासल्यावर फुगायला लागला, खाज आली, रंग निळसर-राखाडी झाला, तोंडात किंवा नखांवर डाग आले, किंवा एखादं नवीन औषध सुरू केल्यावर एकदम खूप वाढले, तर. नाहीतर यंदाच्या चवथीला त्याला तसाच उघड्या अंगाने आरतीला उभा करा. विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या, मुलं आपल्यापेक्षा शॉर्टमध्ये सांगतात.

प्रश्न: वय ४४, फोंड्याला असतो, नोकरी करतो. चार-पाच वर्षांपासून खालच्या ओठावर काळे ठिपके आहेत, गालाच्या आतल्या बाजूलाही आहेत, आणि आता दोन नखांवर उभी काळी रेष आलीय. सिगारेट नाही, तंबाखू नाही, पण ऑफिसात सगळे समजतात मी चोरून ओढतो. स्किनच्या डॉक्टरांनी लॉजिए-हुंझिकर सिंड्रोम सांगितला आणि काही करायची गरज नाही म्हणाले. सिंड्रोम शब्द ऐकूनच घाबरलो. हे पोटात वगैरे जातं का? लेझर करू का?
(फोंडा)

उत्तर: सिंड्रोम या शब्दाला घाबरू नका, डॉक्टर लोक दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की सिंड्रोम म्हणतात. लॉजिए आणि हुंझिकर या दोघांनी १९७० मध्ये हे पहिल्यांदा लिहिलं. ओठ, गालाची आतली बाजू, कधी हिरड्या, टाळू, कधी बोटांची टोकं, आणि साधारण अर्ध्याहून जास्त जणांत नखांवर उभ्या रेषा. सुरू होतं ते मोठेपणी, तिशी-चाळिशीत, तुमचं अगदी त्यात बसतं.

पुढचं सांगायचं तर वरच्या डिचोलीच्या मुलाच्या नेमकं उलटं: तुमचे ठिपके आपोआप जाणार नाहीत. राहतील, हळूहळू एखाद-दुसरा वाढेलही. पण त्यांचा कॅन्सर होत नाही आणि पोटात काही जात नाही. आयुष्यभर सोबत राहणारी पण त्रास न देणारी गोष्ट आहे ही, एवढं स्वीकारलं की झालं.

तुम्ही पोटाचं विचारलंत ते मात्र बरोबर विचारलंत, कारण असेच ओठांवर ठिपके असणारा दुसरा एक आजार आहे, प्यूट्झ-जेगर्स, त्यात आतड्यात पॉलिप म्हणजे मांसाचे कोंब होतात, आतडं अडकू शकतं आणि पुढे कॅन्सरचा धोकाही असतो. फरक असा की तो लहानपणीच सुरू होतो, बहुतेकदा घरात आणखी कोणाला असतो, आणि पोटात मुरडा येऊन दुखणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं अशा तक्रारी असतात. चाळिशीत सुरू झालेले ठिपके, घरात कोणाला नाही, पोटाची तक्रार नाही, तर चिंता नाही. पण यातलं एक जरी 'हो' असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, ते दुर्बिणीची तपासणी करायची का ठरवतील. दुसरं म्हणजे ॲडिसनचा आजार, त्यात पूर्ण अंगच काळवंडतं, तळहाताच्या रेषा काळ्या होतात, थकवा येतो, वजन उतरतं, बीपी कमी राहतं. तसं काही वाटत असेल तर रक्ताची तपासणी असते. मिनोसायक्लिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अशी काही औषधं घेत असाल तर त्यानेही रंग येतो, तेही कळवा.

नखांबद्दल एक गोष्ट. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत नखांवर काळ्या रेषा तशाही बऱ्याच जणांना असतात, त्याचं काही नसतं. पण एकच रेष वेगाने रुंद होऊ लागली, तिच्या कडा फिसकटल्या, नख फाटायला लागलं किंवा काळेपणा नखातून बाहेर कातडीवर उतरला, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. ही तपासणी लॉजिए-हुंझिकरसाठी नाही, नखाखालचा मेलॅनोमा (रंगाच्या पेशींचा कॅन्सर) चुकू नये म्हणून आहे, आणि तो कोणालाही होऊ शकतो, तुम्हाला या ठिपक्यांमुळे जास्त होतो असं नाही.

लेझर ओठांवर चांगला चालतो, क्यू-स्विच्ड प्रकारचा, ठिपके निघतात. पण परत येऊ शकतात हे धरून चाला, आणि नंतर उन्हापासून ओठ जपावे लागतात. ऑफिसातल्या लोकांसाठी करायचा असेल तर माझं मत नको असं आहे, ते दुसरं काहीतरी शोधतील. आरशात बघून स्वतःलाच खटकत असेल तर जरूर करा, ते काही चुकीचं नाही.

प्रश्न: मी २६ वर्षांची. काखेत, जांघेत, मानेच्या घडीत, छातीखाली जाळीसारखा काळेपणा आहे, विशीनंतर सुरू झाला आणि वाढतोय. तोंडाभोवती बारीक खळगे पण आहेत. आईला आणि मामालाही असंच आहे, आम्हाला वाटायचं घामाने. आता बायोप्सीत डाउलिंग-डेगोस आलं. घरी स्थळं बघतायत. मुलाकडच्यांना सांगायचं का? माझ्या मुलांना होणार का?
(काणकोण)

उत्तर: आधी आजाराचं. हा वंशपरंपरेने येतो, घामाने किंवा अस्वच्छतेने नाही, त्यामुळे एवढी वर्षं काखा घासून घासून धुतल्या असतील तर आता थांबवा, घासण्याने काळेपणा वाढतोच. आईकडून आलाय तसा तुमच्याकडून मुलांना जायची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी, मुलगा असो की मुलगी. २००६ मध्ये कळलं की बऱ्याच कुटुंबांत केआरटी५ नावाच्या जीनमधल्या बिघाडाने हे होतं, नंतर आणखी दोन-तीन जीन सापडले. पण एकाच घरात एकाला जास्त, एकाला नावापुरतं असंही असतं, आईला आणि मामाला किती आहे तुम्हीच बघितलंय.

पुढे काय, तर हा जात नाही. हळूहळू वाढतो, घड्यांमध्ये राहतो. आयुष्य कमी होत नाही, गरोदरपणाला, बाळंतपणाला अडचण नाही, आतल्या कुठल्या अवयवाला काही नाही. एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: काही पेशंटना काखेत-जांघेत परत परत दुखरी गळवं होतात, तसं झालं तर ते घरी फोडत बसू नका, तो वेगळा आजार सोबत असू शकतो आणि त्यावर औषधं आहेत. आणि घरात कोणाला मानेवर जाड मखमली काळेपणा असेल, वजन जास्त असेल, तर तो बहुधा हा नव्हे, त्यांची शुगर तपासा.

उपचार आहेत, फार आशा लावू नका. ॲडापालीनसारखी मलमं, काही जणांत अर्बियम लेझर, थोडा फरक पडतो, टिकेलच असं नाही. हायड्रोक्विनोन हे डाग उजळवायचं मलम स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं लावलं तर उलट कायमचा निळसर काळेपणा येऊ शकतो. आणि हे तुमच्यासाठी खास, लग्न जवळ आहे म्हणून: कोणी पोटातून घ्यायची रेटिनॉइड गोळी सुचवली तर आधी सांगा की पुढे मूल हवंय. त्यातली ॲसिट्रेटिन ही गोळी बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो, गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं. या आजारासाठी तेवढी जोखीम मी तरी घेणार नाही. सुती सैल कपडे, काखेत सुगंधी स्प्रे नको, वॅक्सिंग जमेल तितकं कमी, एवढं रोजचं.

सांगायचं का? हा डॉक्टरी प्रश्न नाही पण विचारलायत म्हणून बोलते. बायोडेटावर लिहायची गोष्ट नाही ही. पण मुलाशी दोन-तीनदा बोलणं होऊन पुढे जायचं दिसलं, की साखरपुड्याआधी त्याला तुम्ही स्वतः सांगा, मध्ये मावशी नको, मध्यस्थ नको. 'माझ्या कातडीच्या घड्या काळ्या आहेत, वंशपरंपरेचं आहे, तब्येतीला काही नाही, मुलांना येऊ शकतं.' झालं. लग्नानंतर कळलं तर डागांचं राहतं बाजूला आणि 'लपवलं' हेच वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, असे संसार मी बघितलेत. आणि एवढं ऐकून जो मागे फिरेल तो पुढे कशाकशावरून फिरला असता कोण जाणे.

प्रश्न: काजूच्या सीझनला बिया काढून काढून हाताला काळे डाग पडलेत, हा पण दुर्मिळ आजार का?
(वाळपई)

उत्तर: नाही हो, हा आपल्या सत्तरी तालुक्यात अजिबात दुर्मिळ नाही. काजूच्या बीच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते, बिब्बा आणि काजू एकाच घराण्यातले. भाजलेलं बरं झालं की मागे काळा डाग राहतो, तो काही महिन्यांत फिका होतो, पण अट एकच की दरम्यान परत तेल लागता कामा नये. पुढच्या सीझनला हातमोजे, आत सुती आणि वर रबरी, आणि तेल लागलं की लगेच साबणाने धुवायचं. नवीन फोड आले तर डॉक्टरांकडे या, जुन्या डागाला काही लावायची घाई नको.

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, उजव्या डोळ्याभोवती आणि कपाळाच्या कडेला निळसर-करडा डाग, डोळ्याच्या पांढऱ्या भागातही दिसतो. नीव्हस ऑफ ओटा म्हणालेत. वयाबरोबर जाईल का? लेझरवाले पॅकेज सांगतायत.
(म्हापसा)

उत्तर: वयाबरोबर जात नाही. उलट वयात येताना गडद होतो, तो काळ तुमच्या मुलीचा आत्ता चालू आहे. १९३९ मध्ये जपानच्या ओटा यांनी याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. रंग निळा दिसतो कारण रंगाच्या पेशी कातडीत खोल असतात. लेझरने चांगला फिका होतो, अनेकदा बराचसा जातोही, पण एका बैठकीत नाही, काही आठवडे ते काही महिन्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर पांढुरके किंवा जास्त काळे ठसे उठायची शक्यता असते, म्हणून आधी छोट्या जागेवर करून बघणारा डॉक्टर निवडा. पॅकेजवर सही करायच्या आधी इतकं विचारा की मशीन क्यू-स्विच्ड किंवा पिको आहे का आणि चालवणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन. डोळ्याच्या पांढऱ्या भागातला रंग मात्र लेझरने काढायचा नसतो.

पण त्याहून आधीचं काम डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे. या डागात त्या बाजूच्या डोळ्याचं प्रेशर वाढायची शक्यता असते, काही अभ्यासांत सुमारे दहातल्या एकाला काचबिंदू आढळलाय, आणि तो दुखत नाही त्यामुळे कळत नाही. डोळ्यात मेलॅनोमा होणं आपल्याकडच्या लोकांत अगदीच क्वचित, तरी त्यासाठीही डोळ्याचा पडदा बघतातच. म्हणून वर्षातून एकदा प्रेशर आणि पडदा, दोन्ही, आयुष्यभर, डाग लेझरने गेला तरीही. पहिली तपासणी या महिन्यातच करून घ्या आणि तो कागद फाईलला लावून ठेवा, लेझरच्या डॉक्टरांनाही तो दाखवा.